दोन दादांचं दुकान

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी ओमानमधल्या सूरला राहायला गेले. नवरा आठ महिने आधी गेला होता. गावाबाहेर, समुद्राला लागून गॅसचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि तिथल्या एका ठेकेदाराकडे तो वेल्डिंग तपासायचं काम करायचा. आम्ही दोघं वसईचे. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. वसईत हा विषय रोज कुणी ना कुणी काढायचं. सूरला काढणारं कुणी नव्हतं, एवढा फायदा मला पहिल्या आठवड्यातच जाणवला.

घर मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, पुढे सिमेंटची पायरी. नवरा पहाटे कंपनीच्या बसने जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. केरळची कुटुंबं होती, पण ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. मराठी माणसं म्हणजे चिपळूण-खेडकडची दहा-बारा पुरुष मंडळी, फिटर आणि रिगर, ती सगळी कॅम्पात राहायची. गल्लीतल्या बायका अरबीत बोलायच्या. मी त्यांना बघून हसायचे, त्या मला बघून हसायच्या, आणि पुढे काही सुचायचं नाही.

नवऱ्याच्या अंगात कंपनीने दिलेली निळी डांगरी असायची. वर्षाला दोन मिळायच्या. गेटवरचा सेफ्टीवाला फाटक्या डांगरीतल्या माणसाला आत सोडत नसे. एके दिवशी त्याची डांगरी गुडघ्यावर फाटली आणि दुसरी धुण्यात होती. मी पायरीवर बसून हाताने ठिगळ लावत होते. कापड इतकं जाड की सुई अडायची आणि बोटाला टोचायची. समोरच्या दारातून एक बाई ते बराच वेळ बघत होती. पंचेचाळिशीची असेल. रंगाने तिथल्या बायकांपेक्षा सावळी, अंगाने भरलेली, डोक्याला फुलाफुलांचं कापड गुंडाळलेलं.

"हाताने किती वेळ करणार?" तिने विचारलं. "इधर आव. मशीन छे."

ओमानमधल्या गल्लीत मला गुजराती ऐकू येईल अशी माझी अपेक्षा नव्हती. मी डांगरी घेऊन तिच्या घरी गेले.

तिच्याकडे पायमशीन होतं. बसायला तिने मला जागा दिली, मी टीप घातली, आणि मशीन मधेच थांबलं तेव्हा तिने चाक हाताने फिरवून सुई पार नेली. काम दहा मिनिटांत झालं. मग तिने लवंग घातलेला चहा दिला आणि स्वतःची हकिकत सांगितली. सांगताना ती हळहळली नाही. दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं सांगत होती.

तिचे आजे-पणजे सूरचेच. गलबतं घेऊन झांजिबारला गेले आणि तिथेच राहिले. ती तिथे जन्मली. घराच्या दोन्ही बाजूंना कच्छी दुकानदार होते, त्यांच्या मुलींबरोबर खेळताना तिला हिंदी-गुजरातीची खिचडी यायला लागली. ती अकरा वर्षांची असताना तिथे अरबांची कत्तल झाली आणि हाती लागेल त्या होडीने घरची माणसं पळाली. मग काही वर्षं मोंबासा, मग ओमान. सूरला आल्यावर नातेवाइकांनी खोली दिली, लग्न लावून दिलं. नवऱ्याने पुढे तिला तलाक देऊन दुबईत दुसरा संसार मांडला. मस्कतमध्ये एक भाऊ होता. तिचं अरबी ऐकून गल्लीतल्या बायका अजूनही तोंडावर पदर घेऊन हसायच्या. तिला सगळे झांजिबारी म्हणायचे. पासपोर्ट ओमानचा, पूर्वज ओमानचे, तरी ती झांजिबारीच.

मला ती दादा म्हणायला लागली. मी दोन दिवस विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी सांगितलं की आमच्याकडे दादा म्हणजे मोठा भाऊ. ती खूप हसली. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. मग मीही तिला दादा म्हणू लागले. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत व्हायचं. इथे मी ते बहुतेक मराठीतच लिहिते आहे.

नवऱ्याच्या डांगरीचं ठिगळ कॅम्पात कुणीतरी बघितलं. पुढच्या शुक्रवारी चिपळूणचे दोघे फिटर एकेक डांगरी घेऊन आले. त्याच्या पुढच्या आठवड्यात नवऱ्याने गोणीच आणली. बाजारात शिंपी होते, पण त्यांना कंदुरे, म्हणजे पुरुषांचे पायघोळ झगे, आणि बायकांचे कपडे शिवण्यातच रस होता. घामाने आणि ग्रीसने कडक झालेल्या डांगऱ्यांना ते हात लावत नसत. आम्ही त्या आधी सोड्याच्या पाण्यात उकळायचो, वाळवायचो, मग शिवायचो. दादाचं घर, दादाचं मशीन, आणि वसईला शिवणक्लास केलेली मी. तिला कापड हाताने ओळखता यायचं, मला कापणं आणि माप चांगलं यायचं.

काही गोष्टी चुकून शिकलो. पहिल्या खेपेला वेल्डर लोकांच्या डांगऱ्या आम्ही नायलॉनच्या दोऱ्याने शिवल्या. आठ दिवसांत सगळ्या परत आल्या, कारण ठिणगी पडली की दोरा वितळतो आणि शिवण उघडी पडते. त्यांना सुतीच दोरा लागतो. माणूस दिवसभर उकिडवा बसून काम करत असेल तर बुडाकडची शिवण आधी जाते, म्हणून तिथे आतून पट्टी लावून दुहेरी टीप मारायची. गुडघ्याला चौकोनी ठिगळ लावलं तर कोपरे उचलतात. गोल लावलं तर टिकतं. हे कुणी शिकवलं नाही.

मग नावं आली. कॅम्पाच्या धुलाईत डांगऱ्यांची अदलाबदल व्हायची, म्हणून लोक म्हणू लागले की छातीवर नाव किंवा गेटचा नंबर भरून द्या. मी देवनागरी आणि इंग्रजी करायचे. दादा अरबी अक्षरं करायची, त्यात पाकिस्तानी लोकांची उर्दूही भागायची. तामिळ आणि मल्याळम नावं ज्याची त्याने कागदावर लिहून आणायची आणि आम्ही चित्र काढावं तशी ती दोऱ्याने काढायचो. एकदा एकाचं नाव मी उलटं भरलं. त्याने ते तसंच घातलं. म्हणाला, कॅम्पात ही लिपी वाचणारा मी एकटाच आहे.

वर्षभराने घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. माझ्याकडेही आणि तिच्याकडेही गोण्या. नवरा कधी चिडायचा नाही, पण एका रात्री जेवताना ताट बाजूला सारून म्हणाला, "दिवसभर मी त्या वासात असतो. घरी आल्यावरही तोच वास?"

मी ते दुसऱ्या दिवशी दादाला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. दुकान पाहिजे."

तिने मासळीबाजाराच्या मागे एक गाळा बघितला. एक शटर, वर पंखा, मागे मोरी. परवाना तिच्या नावावर निघणार हे उघड होतं. मी परदेशी, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, मला कामच करायची मुभा नव्हती. बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीत तिला सांगितलं गेलं की भावाला घेऊन या. भाऊ मस्कतला, आणि त्याला बहिणीने मजुरांचे कपडे शिवणं पसंत नव्हतं. ती म्हणाली, मी थांबते. पहिल्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही. मी घरून तिला मासे-भाताचा डबा नेऊन दिला, तो तिने तिथेच उघडून खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी कारकुनाने शिक्का मारला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"काही नाही. माशाचा वास येतो म्हणाला."

दुकानात आम्ही आणखी दोन मशिनी घेतल्या, त्यातलं एक जाड कापडाचं, विजेवर चालणारं. मध्ये पडदा लावला. पुढे ती गिऱ्हाईक बघायची, पडद्यामागे मी शिवायचे. सकाळी आठ ते एक, मग दुपारची सुट्टी, मग चार ते आठ. कामाचा ओघ वाढला की मी घाई करायचे आणि ती मान वर न करता म्हणायची, "पोले पोले." म्हणजे हळूहळू. माझ्या तोंडात मात्र यल्ला, म्हणजे चल आटप, बसलं होतं. तिला ते आवडायचं नाही; म्हणायची, हा शब्द मुकादमाचा आहे.

पाऊण वर्ष असं चाललं. मग एके सकाळी लेबर ऑफिसचा माणूस आला. पांढराशुभ्र पोशाख, हातात फाइल, बोलायला अगदी मऊ. त्याने परवाना बघितला, मशिनी बघितल्या, आणि पडदा बाजूला केला.

"ही कोण?"

"पाहुणी," दादा म्हणाली.

माझ्या गळ्यात टेप होती, मांडीवर डांगरी आणि तोंडात दोन टाचण्या. त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.

"पाहुणीकडून काम करून घेतेस?"

मी टाचण्या काढून हातात घेतल्या. तो म्हणाला की या वेळी मी काही लिहीत नाही; महिन्याभरात हिचं लेबर कार्ड तुझ्या नावावर काढ, नाहीतर पुढच्या वेळी दोघींना घेऊन जावं लागेल. जाताना त्याने स्वतःच्या मुलाच्या शाळेच्या दप्तराचा पट्टा शिवून मिळेल का असं विचारलं. दुसऱ्या दिवशी दप्तर पाठवलं, आम्ही शिवून दिलं.

तर माझा व्हिसा नवऱ्याकडून दादाकडे गेला. कागदावर ती मालक, मी शिवणकाम करणारी कामगार. नवऱ्याने कार्ड उलटसुलट करून बघितलं.

"आता ती तुझी अर्बाब," तो म्हणाला. अर्बाब म्हणजे धनी. कॅम्पातले लोक आपल्या स्पॉन्सरला असंच म्हणायचे.

"ती दादा आहे," मी म्हटलं.

"कागदावर अर्बाब आहे. लक्षात ठेव."

मी ते मनावर घेतलं नाही. पासपोर्ट तिने कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवला. सगळ्यांचेच पासपोर्ट तेव्हा धन्याकडे असायचे. तिने मागितलाही नव्हता. मीच नेऊन दिला.

पुढची दोन वर्षं कामाची गेली, त्यांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. मग कारखाना बांधून झाला. हे होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ते इतक्या झपाट्याने झालं की कळलं नाही. एका महिन्यात कॅम्प अर्धा झाला, दुसऱ्यात ओसाड. चिपळूणचे फिटर निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांच्या अंगात साधे कपडे होते आणि मला ते पटकन ओळखू आले नाहीत. नवऱ्याचं कंत्राट संपलं. त्याला सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात काम मिळालं, पण राहायला फक्त एक खाट, चौघांच्या खोलीत. म्हणून ठरलं की तो पुढे जाईल आणि मी सूरलाच राहीन, दुकान सांभाळत. आमचं भाड्याचं घर सोडलं आणि मी दादाकडे राहायला गेले. सोहार दूर, मस्कतवरून बस बदलून जावं लागे. तो महिन्यातून एकदा यायचा.

डांगऱ्या बंद झाल्या. आम्ही होड्यांवर घालायच्या ताडपत्र्या शिवू लागलो, मासळीवाल्यांचे रबरी एप्रन, दुकानांच्या पुढचे सावलीचे कापडी छत. ताडपत्री शिवायला दोन माणसं लागतात. एकीने मशीन चालवायचं, दुसरीने पलीकडून कापड ओढत न्यायचं. सकाळी मी झाडायचे, ती नारळाच्या रसात मासा करायची, जवळजवळ आमच्या वसईसारखा, फक्त कोकमाऐवजी लिंबू. सूरला चर्च नव्हतं. संध्याकाळी मी खोलीच्या एका कोपऱ्यात रोझरी म्हणायचे, ती दुसऱ्या कोपऱ्यात नमाज पढायची. जिचं आधी संपेल तिने दिवा लावायचा. आमच्यात त्या दीड वर्षात भांडण झालं ते एकदाच, झाडूच्या जागेवरून.

मग नवऱ्याला कारखान्याने कुटुंबासाठी घर दिलं. फोनवर त्याने विचारलं, "आता येतेस ना?" मी हो म्हटलं. माझी पस्तिशी जवळ येत होती, तो तिकडे डब्यातलं खाऊन आजारी पडत होता, आणि ताडपत्रीने माझे खांदे धरले होते. ही सगळी कारणं खरी होती. पण आता मागे बघताना एक गोष्ट कबूल करावी लागते. मी आधी नवऱ्याशी सगळं ठरवलं, तारीखसुद्धा, आणि मग दादाला सांगितलं. नोकरी सोडणारा माणूस मालकाला सांगतो तसं.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "अच्छा आहे. बाईने नवऱ्याजवळ असावं."

"रिलीजचा कागद लागेल," मी म्हटलं. स्पॉन्सरने रिलीज दिल्याशिवाय व्हिसा दुसऱ्याच्या नावावर होत नसे. रिलीज न घेता देश सोडला तर दोन वर्षं परत येता येत नसे.

"इन्शाल्ला," ती म्हणाली.

पहिल्या आठवड्यात अर्ज टाइप करून देणारं दुकान बंद होतं. दुसऱ्यात तिच्या गुडघ्यात दुखत होतं. तिसऱ्यात भाऊ मस्कतहून येणार होता आणि त्याला विचारायचं होतं, ज्या भावाला तिने आजवर काहीच विचारलं नव्हतं. मी रोज सकाळी विचारायचे आणि ती म्हणायची, बुक्रा. उद्या. मधल्या काळात तिने बंदरावरून ताडपत्र्यांची एवढी मोठी ऑर्डर घेतली की ती दोघींनाही तीन महिने पुरली असती. नवरा फोनवर म्हणाला, "मी सांगितलं होतं." मी फोन ठेवला.

दोन महिने झाले. एका दुपारी, सुट्टीच्या वेळी, शटर अर्धं खाली ओढून ती फरशीवर आडवी झाली होती. मी मशीनवरून उठून तिच्यासमोर जाऊन बसले.

"दादा, तुला तो कागद द्यायचा नाही. तसं सांग."

ती उठून बसली. डोक्याचं कापड सोडून पुन्हा नीट बांधलं.

"द्यायचा नाही," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं की माझा पासपोर्ट तुझ्या कपाटात आहे, माझी सही चालत नाही, तुझी चालते. दुसरी कुणी बाई असती तर मी अर्बाब वाईट आहे म्हणून गप्प बसले असते, पण तुझ्या घरात मी जेवते. माझा आवाज चढला होता. बाहेरून जाणारा मासळीवाला शटरखालून वाकून बघून गेला.

ती म्हणाली, "ऐक. झांजिबार सोडलं तेव्हा मला कुणी काही विचारलं नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. कॅम्पातले पोरगे गेले, तुझं घर गेलं. कुणाच्याही जाण्याला माझी सही लागली नव्हती. तुझ्या जाण्याला लागते. म्हणून धरून ठेवली."



"चूक आहे," ती म्हणाली. "मला समजतं ते."

"मग?"

"मग काय. उद्या जाऊ."

मी त्या 'उद्या'वर विश्वास ठेवला नाही. पण सकाळी मी उठले तेव्हा ती बुरखा घालून तयार होती आणि पासपोर्ट टेबलावर काढून ठेवला होता. कचेरीत कारकुनाने कागद पुढे केला. तिने सही केली, रोमन अक्षरांत, झांजिबारच्या शाळेत शिकलेल्या गोल वळणाच्या अक्षरांत. कारकून म्हणाला, अरबीत कर. तिने खाली पुन्हा अरबीत केली, वेळ लावून, एकेक अक्षर. मी बाजूला उभी राहून बघत होते. मला सुटल्यासारखं वाटलं आणि मला तिचा रागही अजून होताच; दोन्ही एकदम असू शकतात हे मला त्या दिवसापर्यंत नीट माहीत नव्हतं.

बंदराची ऑर्डर पुरी होईपर्यंत मी आणखी पाच आठवडे थांबले. तिने थांब म्हटलं नव्हतं. नवऱ्याला ते पटलं नाही, पण त्याने वाद घातला नाही. शेवटी तो एका ओळखीच्या माणसाचा पिकअप घेऊन आला. जाड कापडाचं मशीन मी न्यावं असं तिचं म्हणणं. मी नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही. मशीन पिकअपमध्ये चढवून स्वतः दोरीने आवळून बांधलं, गाठी ओढून बघितल्या, आणि नवऱ्याला म्हणाली, "खड्ड्यात हळू." मला काही म्हणाली नाही. आम्ही निघालो तेव्हा ती दुकानाचं शटर उघडत होती.

सोहारला सात वर्षं राहिलो. तिथे मिस्साला जाता यायचं, गणपतीत आरतीला बोलावणारी कोकणातली दोन कुटुंबं होती, बोलायला माणसं होती. कारखान्यांचं गाव, त्यामुळे डांगऱ्याही होत्या. लोकांनी विचारलं, मी दोन-चार शिवल्या आणि मग हळूहळू सोडून दिलं. एकटीने गोणी उपसायची, एकटीने उकळायचं, एकटीने शिवायचं, त्यात मन लागेना. मशीनवर पडद्याचं कापड शिवलं, उशांचे अभ्रे शिवले. दादाशी फोनवर बोलणं व्हायचं, आधी महिन्याला, मग सणांना. ती ईदला माझा फोन यायची वाट बघायची आणि नाताळला स्वतः करायची. रिलीजचा विषय तिने किंवा मी कधीच काढला नाही.

मग ते मोठं वादळ आलं, जूनमध्ये. सोहारला फक्त वारा आणि पाऊस, पण मस्कतपासून सूरपर्यंतचा किनारा झोडपून निघाला. टीव्हीवर वाद्यांना, एरवी कोरड्या असणाऱ्या तिथल्या नद्यांना, आलेले पूर दाखवत होते, त्यांत गाड्या खेळण्यांसारख्या वाहत होत्या. सूरचे फोन बंद. आठव्या दिवशी आतल्या बाजूचा रस्ता सुरू झाल्याचं कळलं. मी नवऱ्याला काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "पाण्याचे कॅन घे जास्तीचे. आणि डिझेल लागेल मशिनी धुवायला."

दादा दुकानासमोर खुर्चीवर बसली होती. केस पांढरे झाले होते, आणि गुडघ्याचं दुखणं आता खरं होतं. उठताना तिने माझा हात धरला. गाळ्यात कमरेएवढं पाणी येऊन गेलं होतं. फरशीवर वीतभर चिखल, ताडपत्र्यांचे गठ्ठे फुगून कुजायला लागलेले, मशिनींच्या चाकांवर गंज. आणि आत, चिखलात उकिडवी बसून, एक तिशीची केरळची बाई फावड्याने चिखल ओढत होती. दादाने तिला दोन वर्षांपूर्वी कामाला आणलं होतं. फोनवर मला ते कधी सांगितलं नव्हतं.

मला ते लागलं. लागण्याचं काही कारण नव्हतं, हेही मला त्याच क्षणी कळत होतं.

आम्ही चौघांनी दोन दिवस काम केलं. मशिनींची डोकी सोडवली, डिझेलच्या बादलीत बुडवली, जुन्या टूथब्रशने दाते घासले, उन्हात गोणपाटावर मांडली. केरळची बाई माझ्यापेक्षा चांगली कारागीर होती. कुठला स्क्रू कुठे हे ती न बघता सांगायची. दुपारी जेवताना तिने कमरेची पिशवी उघडून स्वतःचा पासपोर्ट बाहेर काढला, त्याची पानं वेगळी करून उन्हात धरली, आणि पुन्हा पिशवीत ठेवला.

मी दादाकडे बघितलं. ती माशाचे काटे काढत होती.

"तिच्याजवळच असतो," ती म्हणाली. "मला कपाटात जागा नाही."

दोनपैकी एक मशीन सुरू झालं. आम्ही परत निघालो तेव्हा केरळची बाई त्यावर कुणाची तरी फाटकी ताडपत्री शिवत होती, आणि दादा पलीकडून ओढायला उभी राहू बघत होती. तिला जमत नव्हतं. मी गाडीतून उतरून ती एक शिवण पुरी होईपर्यंत कापड ओढलं आणि मग आम्ही निघालो.

दोनेक वर्षांनी आम्ही कायमचे वसईला आलो. नवऱ्याची पाठ गेली होती आणि माझे सासरे एकटे पडले होते. नाताळला दादाचा फोन यायचा. एका वर्षी आला नाही. मी केला तर उचलला गेला नाही. जानेवारीत तिचाच आला. ती झांजिबारला जाऊन आली होती, मामेभावाच्या मुलीच्या लग्नाला. तिथून निघाली तेव्हा अकरा वर्षांची होती, त्यानंतर पहिल्यांदाच.

"कसं होतं?" मी विचारलं.

"गरम. घर सापडलं. आता त्यात पाच बिऱ्हाडं आहेत. दारावरचे पितळी खिळे तेच आहेत. एक म्हातारी मला म्हणाली, ए अरबीण, काय शोधतेस?"

"मग तू काय सांगितलंस?"

"तिच्याकडून नारळ घेतला. प्यायले. चांगला होता."

मग तिने गुडघ्याची तक्रार केली, केरळच्या बाईच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचं सांगितलं, आणि विचारलं की मुंबईत जुन्या पायमशीनच्या बॉबिनकेस, खालच्या दोऱ्याच्या त्या डब्या, अजून मिळतात का. सूरला कुणी ठेवत नाही. मी क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत जाऊन सहा घेतल्या. आमच्या चर्चमधला एक मुलगा मस्कतच्या हॉटेलात कामाला परत जात होता, त्याच्याबरोबर पाठवल्या. पोचायला महिना लागला. चार बसल्या, दोन नाही बसल्या, असा निरोप आला.